जंगलातल्या भुताची जात कोणती?

२०११ साली आलेल्या ‘रागिनी एमएमएस’ या हिंदी चित्रपटातले भूत मराठी बोलते. मुंबईतले एक प्रेमी जोडपे सुट्टीसाठी जंगलातल्या एकाकी घरात जाते, त्या घरात छुपे कॅमेरे असतात आणि रात्री तिथली बाई जागी होते, एवढीच गोष्ट. पवन कृपलानी यांनी हा सिनेमा थोडक्या पैशांत केला. तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नसलेला राजकुमार यादव, म्हणजे आजचा राजकुमार राव, त्यात नायक आहे. हा सिनेमा पाहिलेल्या कुणालाही विचारा. त्याला किंकाळ्या आठवतात, पलंगाला अडकवलेल्या बेड्या आठवतात. ती बाई मराठीत काय सांगत असते ते मात्र फार थोड्यांना आठवते. मी चेटकीण नाही, मी माझ्या मुलांना मारलेले नाही, असे ती सांगत असते.

म्हणजे चेटकीण ठरवून मारलेली एक बाई मेल्यानंतरही आपला जबाब देते आहे. तोही आपल्या भाषेत. आणि तो जबाब ऐकून थिएटरातली पोरे घाबरून कान झाकतात. पोलीस ठाण्यात जो जबाब कुणी लिहून घेतला नाही, तो पडद्यावर आला तेव्हा त्याचा उपयोग प्रेक्षकांना दचकवण्यासाठी झाला. आमचे म्हणणे या एका जबाबापासून सुरू होते.

भयपटांबद्दल आपल्या चळवळीत साधारण दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे की हे सगळे अंधश्रद्धेचे दुकान आहे, त्यावर बंदी घाला, निदान आपल्या पोरांनी तरी पाहू नये. दुसरे मत तरुणांचे. ते म्हणतात, सर, टाइमपास आहे, भूत नसते हे आम्हालाही माहीत आहे, तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात का शोधता? पहिले मत मांडणारे ज्येष्ठ कार्यकर्ते बाबासाहेबांचा आधार घेतात आणि तो आधार खराच आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी धम्म काय नाही हे सांगताना अलौकिकावरचा विश्वास अगदी आरंभी ठेवला आहे. घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि ते कारण माणसाच्या कृतीत किंवा निसर्गात सापडते, हे त्याचे सार. पण याच नियमाने पुढे गेले तर एक प्रश्न उरतो. भुताच्या गोष्टीलाही कारण असणारच. ती गोष्ट कुणी रचली, कुणाबद्दल रचली, आणि ती ऐकून कोण कुणाला घाबरू लागले? भूत नाही एवढे सांगून थांबणारा विवेकवाद आम्हाला अर्धवट वाटतो. भूत नसेल, पण त्या बाईचा खून झालेला असतो.

आता जंगलाकडे येऊ. कमी खर्चाच्या भयपटाला जंगल का लागते? कारण ते फुकट असते. सेट नको, कपडेपट नको, मोठे नट नकोत. एक हातातला कॅमेरा, एक बॅटरी आणि रात्र. अमेरिकेत १९८१ चा ‘द ईव्हिल डेड’ आणि १९९९ चा ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ असेच झाले. दुसऱ्याचे मूळ चित्रण सुमारे साठ हजार डॉलरांच्या आत उरकले आणि त्याने जगभरात जवळपास पंचवीस कोटी डॉलर कमावले. आपल्याकडे रामसे बंधूंनी १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ महाबळेश्वरला जाऊन अख्ख्या कुटुंबाच्या मेहनतीवर काढला, आणि पुढची दोन दशके तालुक्याच्या गावातल्या टुरिंग टॉकीजपर्यंत भूत पोहोचवले. आज तेच काम यूट्यूबवर चालते.

‘ब्लेअर विच’ मधली चेटकीण कोण, हेही बघा. सिनेमासाठी रचलेल्या दंतकथेत १७८५ साली एका बाईवर चेटूक केल्याचा आरोप ठेवून गाव तिला हिवाळ्यात जंगलात हाकलून देते. ती थंडीत मरते आणि मग जंगल ‘भुताचे’ होते. अमेरिका काय किंवा आपला सह्याद्री काय, नियम एकच दिसतो. आधी गाव बाईला मारते, मग तिला घाबरते.

नाशिककरांना हा नियम नवा वाटायला नको. आपल्या शहराच्या नावाची जी व्युत्पत्ती पंचवटीतला गाइड पर्यटकांना हौसेने सांगतो, ती कापलेल्या नाकाची आहे. कथेप्रमाणे हे दंडकारण्य, राक्षसांनी भरलेले. बाहेरून आलेली मंडळी इथे कुटी बांधतात आणि इथली बाई समोर आली की ती राक्षसीण ठरते. तिचे नाक कापले जाते आणि त्या कापलेल्या नाकावरून गावाला नाव पडते. शूर्पणखेच्या बाजूने ही गोष्ट सांगून पाहा. मराठीतली सर्वांत जुनी ‘झपाटलेल्या जंगलाची’ गोष्ट गोदावरीच्या काठी घडते, आणि तिच्यात राक्षस म्हणजे जंगलात आधीपासून राहणारी माणसे आहेत.

भयपटाला जंगल रिकामे लागते. तिथे पाडा नसतो, सरपण आणणारी बाई नसते, मोहाची फुले वेचणारी पोरे नसतात. फार तर पहिल्या पाच मिनिटांत एक म्हातारा आदिवासी येतो, ‘उधर मत जाना साब’ म्हणतो आणि गायब होतो. त्याचे घर कुठे, तो रात्री कुठे झोपतो, त्याला त्या जंगलाची भीती का वाटत नाही, हे विचारायला पटकथेत जागा नसते. प्रत्यक्षात याच माणसाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आपण १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ही जमीन कसतो हे सिद्ध करण्यासाठी कागदांच्या चळती घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. सरकारी फाइलमध्ये तो ‘अतिक्रमणदार’ आणि सिनेमात अदृश्य. दोन्हीकडे जंगल रिकामेच.

कसारा घाटाचे उदाहरण घ्या. इगतपुरीहून मुंबईकडे उतरणारा हा घाट इंटरनेटवरच्या ‘भारतातील झपाटलेले रस्ते’ छापाच्या यादीत हमखास असतो. झाडावर बसलेली डोके नसलेली म्हातारी, रात्री गाड्या थांबवणारी बाई, असे बरेच काही. मोबाईल घेऊन रात्री घाटात जाणारी आणि ‘थरारक अनुभव’ टाकणारी पोरे आपल्याच वस्त्यांतलीही आहेत. याच घाटातून मार्च २०१८ मध्ये सुरगाणा, पेठ, दिंडोरी भागातले हजारो आदिवासी शेतकरी लाल टोप्या घालून चालत उतरले. ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघालेला तो मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला आझाद मैदानावर पोहोचला. दहावीच्या मुलांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून संपवला. त्यांची मुख्य मागणी वनजमिनीच्या हक्काची होती. त्या मोर्चातल्या म्हाताऱ्यांच्या सोललेल्या तळव्यांचे फोटो सगळ्या देशाने पाहिले. कसारा घाटातली म्हातारी म्हटल्यावर यांतली कोणती डोळ्यांसमोर येते, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

आणि आता जातीबद्दल, कारण टाइमपासवाल्या मित्रांना ते उत्तर द्यायचे राहिले आहे. जात आम्ही शोधत नाही, ती भुतांच्या यादीतच लिहिलेली आहे. मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला ब्राह्मणाचा मुलगा मेला तर तो मुंज्या. विद्वान पण गर्विष्ठ ब्राह्मण मेला तर ब्रह्मराक्षस. खवीस बहुधा मुसलमानाचा. बाळंतपणात मेलेली बाई हडळ. म्हणजे स्मशानातही वर्णव्यवस्था सुटली नाही. बाळंतपणात बाई मेली तर दोष सुईणीचा नाही, आरोग्य केंद्र नसल्याचा नाही, तिला पोटभर अन्न न देणाऱ्या घराचा तर नाहीच. वर मेल्यावर तीच दुसऱ्यांच्या बाळांना खाणारी ठरते.

२०२४ चा ‘मुंज्या’ पाहिला असेल. मोठा नट नसताना त्याने शंभर कोटींहून अधिक धंदा केला. चित्रपट गमतीदार आहे, आम्हालाही हसू आले. पण त्यातल्या भुताला काय काय मिळाले आहे ते पाहा. त्याला नाव आहे, घर आहे, एक अपुरे प्रेम आहे, हट्ट आहे. त्याच्या भुतपणाला चरित्र आहे. जंगलातल्या चेटकिणीला काय मिळते? मोकळे केस आणि उलटे पाय.

गावाच्या भुतांचा पत्ताही ठरलेला असतो. वेशीबाहेर, ओढ्याच्या काठी, स्मशानाजवळ, गावकुसापलीकडच्या झाडावर. आमचा पत्ता यापेक्षा वेगळा कुठे होता? महारवाडा तिथेच होता. रात्री वेशीवर जागणारा वेसकर महार, मयताचा निरोप घेऊन चार गावे अंधारात तुडवणारा महार, सरणाची लाकडे आणणारा महार, मेलेले ढोर ओढून नेणारा महार. गाव ज्या ज्या गोष्टीला घाबरत होते, ती करायचे काम गावाने आमच्या आज्या-पणज्यांना दिले होते आणि वर त्यांच्याच सावलीचा विटाळ मानला. हरिश्चंद्राच्या कथेत राजाच्या अधोगतीची शेवटची पायरी कोणती? स्मशानात डोंबाचा नोकर होणे. याच कथेवर त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली आपला पहिला चित्रपट काढला. जो डोंब पिढ्यान् पिढ्या तेच काम करतो त्याला त्या कथेत करुणा नाही. करुणा फक्त तिथे येऊन पडलेल्या राजासाठी.

हे सगळे सांस्कृतिक राजकारण म्हणून बाजूला ठेवता आले असते. ते ठेवता येत नाही, कारण आमच्या जिल्ह्यात ही पटकथा खरोखर घडते. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा पट्ट्यात काम करणाऱ्या कुणालाही ‘भुताळी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सातपुड्यात, नंदुरबारकडे तिला डाकीण म्हणतात. २०१४ साली नाशिक जिल्ह्यात दोन वृद्ध स्त्रियांना अशाच समजुतीतून ठार मारण्यात आले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात खुनाच्या कारणांमध्ये चेटकाचा वेगळा रकाना आहे, यावरूनच हा प्रकार किती नेहमीचा आहे ते समजावे.

घडते कसे? पाड्यावर लागोपाठ दोन पोरे तापाने जातात, किंवा बैल मरतात. दवाखाना लांब, डॉक्टर आठवड्यातून एकदा. भगताकडे जातात. भगत दाणे टाकतो आणि दिशा सांगतो. त्या दिशेला बहुतेक वेळा एक एकटी बाई राहत असते. विधवा, मूलबाळ नसलेली, तोंडाने फटकळ. आणि तिच्या नावावर थोडी जमीन असते, जिच्यावर दिराचा किंवा पुतण्याचा डोळा असतो. तिला दांडक्याने मारतात, वाळीत टाकतात, गाव सोडायला लावतात, क्वचित जिवे मारतात. काही महिन्यांनी जमीन कुणाकडे गेली ते पाहिले की भूत कुठल्या वहीतून निघाले होते ते कळते. सगळ्या प्रकरणांत जमीनच असते असे नाही. नुसते भय आणि अज्ञान असलेलीही प्रकरणे आहेत. तरी कार्यकर्त्याने पहिला प्रश्न जमिनीचा विचारावा.

कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर चारच दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षे कैद, पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. एखाद्या व्यक्तीला करणी करणारी, भूत लावणारी ठरवून तिचे जगणे मुश्किल करणे हा त्यात गुन्हा आहे. शिवाय आपल्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांच्या लक्षात नसलेली एक गोष्ट: ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला चेटूक केल्याच्या किंवा चेटकीण असल्याच्या आरोपावरून शारीरिक इजा वा मानसिक यातना देणे हा स्वतंत्र गुन्हा झाला आहे. मात्र आरोपी त्याच प्रवर्गातला असेल तर ते कलम लागत नाही, आणि भुताळीच्या बहुतेक प्रकरणांत मारणारे घरचे, भावकीतलेच असतात. तेव्हा २०१३ चा कायदा आणि नेहमीची कलमे यांवरच भिस्त. फिर्याद घेताना ठाण्यात ‘घरगुती भांडण’ लिहिले जाते, तिथे अडून बसावे लागते.

आता त्याच पाड्यावर मोबाईल पोहोचला आहे. रेंज टेकडीवर मिळते, पण पेनड्राइव्हमध्ये सगळे असते. शहरातला मुलगा भयपट बघतो आणि लाइट लावून झोपतो. पाड्यावरचा मुलगा तोच सिनेमा बघतो आणि सकाळी त्याच्या घरासमोरून ती एकटी म्हातारी जाते. हे दोन प्रेक्षक एक नाहीत. सिनेमा पाहून कुणी खून करतो असे आम्ही म्हणत नाही. पण भगताने दाणे टाकण्याआधीच चेटकीण कशी दिसते हे पोराला पाठ झालेले असते.

म्हणून बंदी? नाही. बंदीने भूत मरत नाही, ते बंदी घातलेले भूत म्हणून जास्त चालते. आणि भयाची गोष्ट टाकून देण्यासारखी नाहीच. मज्झिम निकायात भयभेरव नावाचे सुत्त आहे. त्यात भगवान बुद्ध जाणुस्सोणी ब्राह्मणाला संबोधीपूर्वीचा आपला अनुभव सांगतात. चतुर्दशी, पौर्णिमा-अमावस्या, अष्टमीच्या रात्री ते मुद्दाम वनातल्या भयाण, अंगावर काटा आणणाऱ्या चैत्यांपाशी जाऊन राहत. एखादे जनावर येई, मोर काडी मोडे, वारा पाचोळा हलवी, आणि मनात येई की हेच ते भय आले. मग चालताना भय आले तर चालतच ते मोडायचे, उभे असताना आले तर उभ्यानेच. जागा सोडायची नाही. मोराने मोडलेली काडी! आजच्या भयपटातला सर्वांत स्वस्त आवाज अडीच हजार वर्षांपूर्वी सुत्तात आला आहे. फरक एवढाच की सिनेमा काडीच्या आवाजावर थांबतो आणि सुत्त काडी कुणी मोडली तिथपर्यंत जाते.

मराठीत हे अण्णाभाऊ साठ्यांनी करून दाखवले आहे. ‘स्मशानातील सोनं’ ही कथा पुन्हा वाचा. मुंबईच्या कडेचे जंगल, रात्र, उकरलेली प्रेते, कोल्ह्यांशी झुंज, प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटे. भयपटाला लागते ते सगळे आहे, भूत सोडून. भीमाची खाण बंद पडलेली आहे, म्हणून तो प्रेताच्या राखेत सोने शोधतो आहे. शेवटी त्याची बोटे जातात आणि त्याच दिवशी खाण सुरू झाल्याची बातमी येते. याहून भयंकर शेवट आम्हाला कुठल्या भयपटात भेटलेला नाही. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ २०१७ साली आला, तोही या वाटेवर बराच पुढे गेला. जंगलाऐवजी ऊस, आणि उसात फिरणाऱ्या पोरांच्या मागे मुलींच्या हत्येचा इतिहास. त्यात दोषाचा मोठा वाटा एका म्हातारीच्या पदरात टाकला आहे आणि पुरुष तुलनेने स्वस्तात सुटतात, ही आमची तक्रार. तरी भुताची बाजू ऐकून घेणारा तो मराठी सिनेमा आहे, आणि तो मोठ्या पैशांवर उभा राहिलेला नाही.

तरुण मित्रांनो, तुमच्या खिशातल्या फोनमध्ये ‘ब्लेअर विच’ काढणाऱ्यांकडे होता त्यापेक्षा चांगला कॅमेरा आहे. प्रेमकथेला नटी लागते, ऐतिहासिकाला घोडे लागतात, भयपटाला अंधार लागतो आणि अंधार आपल्या वस्त्यांमध्ये लोडशेडिंगमुळे कधी कमी पडला नाही. त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आणि बुद्ध स्मारक शेजारी शेजारी उभी आहेत. जयंतीला तिथे रील काढता, तसे एकदा बसून पटकथाही लिहा. कसारा घाटात रात्री भूत शोधायला जाण्यापेक्षा घाटावरच्या पाड्यात दिवसा जा, आणि तिथल्या बायकांना विचारा की त्यांना रात्री कशाची भीती वाटते. आम्ही हे विचारून पाहिले आहे. बिबट्या, दारू पिऊन येणारा नवरा, सर्पदंश झाला तर गाडी न मिळणे, आणि वनखात्याची नोटीस, अशी उत्तरे आली. भूत एकीनेही सांगितले नाही.

आणि ‘रागिनी’ तल्या त्या बाईचा जबाब अर्धवट राहिला आहे, तो पूर्ण करणारा वीस मिनिटांचा सिनेमा कुणीतरी काढा. ती मराठी बोलत होती, म्हणजे आपलीच होती. तिला नाव द्या, गाव द्या, मुले कशाने गेली ते सांगा. कुपोषणाने गेली असतील, तापाने गेली असतील. किंकाळी लागलीच तर ती शेवटी येऊ दे. सुरुवात सातबाऱ्याच्या उताऱ्यापासून करा. तिच्या नावाला कंस पडलेला, शेजारी फेरफार क्रमांक, खाली तलाठ्याची सही आणि तारीख. कॅमेरा त्या तारखेवर थोडा वेळ राहू द्या.